बंडोपंतांचा पिंजरा

जून संपत आला की आमच्या चँडलरमध्ये, अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात, सकाळी सहालाच दाराची मूठ हाताला गरम लागते. ती तशी लागली की मी हात मागे घेतो आणि दार उघडायचं लांबवतो. अनघा, म्हणजे माझी बायको, दरवर्षी हसते. "नागपूरचा ना तू? मग उन्हाला काहून भिऊन राहिला बाप्पा?" असं माझ्याच बोलीत मला चिडवते. ती सांगलीची. तिचं नागपुरी ऐकायला गोड आणि फार चुकीचं असतं. आता उन्हाला कोण भितो! आमच्याकडे मे महिन्यात डांबराला चप्पल चिकटायची, ती सोडवून घेऊन आम्ही पुढचा बॉल टाकायचो. मला भीती वाटते ती या दिवसांची. एसीची दिवसभर चाललेली घरघर, भरदुपारी पडदे ओढून अंधारलेली बेडरूम, हवेला येणारा धुळीचा वास. यातलं काहीही एक सुरू झालं की मी पुन्हा दोन हजार चार सालात जाऊन उभा राहतो.

या वर्षी त्यात भर पडली. आमची ईरा आता पावणेचार वर्षांची आहे. तिच्या शाळेत कुणीतरी काचेच्या पेटीत एक सरडा आणून दाखवला. घरी येताना मागच्या सीटवरून तिने विचारलं, "बाबा, कॅन वी गेट अ लिझर्ड?" माझ्याकडून ब्रेक जरा जोरातच दाबला गेला.

"नाही."

"व्हाय?"

"नाही म्हणजे नाही."

मी तिच्याशी असा बोलत नाही कधी. आरशातून पाहिलं तर ती खिडकीला नाक लावून बसली होती.

दोन हजार चारच्या त्या उन्हाळ्याच्या आदल्या वर्षी आमचं एक बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. कशामुळे ते कुणी नीट सांगितलं नाही. दुपारपर्यंत सगळं ठीक होतं आणि संध्याकाळी नव्हतं. त्यामुळे पुन्हा दिवस राहिल्यावर आम्ही पेढेबिढे वाटले नाहीत. दोघंही घरात हळू आवाजात बोलायला लागलो. डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि जूनच्या अखेरीस सांगितलं, आता झोपून राहायचं. बाथरूमला जाण्यापुरतं उठायचं. सासूबाईंना व्हिसा मिळाला नव्हता. म्हणजे घरात आम्ही दोघंच, आणि त्यातली एक झोपलेली.

मी चिप बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. बिघडलेली चिप का बिघडली याचं कारण शोधणं हे माझं काम. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. त्या उन्हाळ्यात टेबलावरचा फोन वाजला की मी पहिल्याच घंटेला उचलायचो. संध्याकाळी पार्किंगमध्ये उतरलो की मी आधी वर आमच्या खिडकीकडे बघायचो. पडदा सकाळी होता तसाच असला तर सगळं ठीक, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. इंजिनिअर माणूस मी, पडद्याला काय कळतं हे मला समजत नव्हतं का? समजत होतं. तरी बघायचो. पायऱ्या मोजायचो, सम आल्या तर बरं. घाबरलेला माणूस कुठे कुठे खुंट्या ठोकतो आणि काय काय टांगतो त्यांना, देवच जाणे.

अशात केदार कायमचा पुण्याला परत निघाला. लग्नाआधी तो माझा रूममेट होता. भांडीकुंडी, टीव्ही, गादी सगळं वाटून झालं आणि शेवटी एका संध्याकाळी तो काचेची तडकलेली पेटी घेऊन आमच्या दारात उभा. आत हिरवागार कॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा. डोक्यावर पगडीसारखा उंच तुरा, दोन डोळे दोन दिशांना.

"हे बंडोपंत," केदार म्हणाला. "यार, दोन आठवडे ठेव. तिकडून फोन करून कुणीतरी गिऱ्हाईक गाठून देतो."

मी दोन पावलं मागे सरकलो. लहानपणी आमच्या कडुनिंबावरून एक सरडा थेट माझ्या सदऱ्यात पडला होता. सदरा काढेपर्यंत मी अख्खी गल्ली धावलो होतो. "हे बघ केद्या, घरात काय परिस्थिती आहे तुला माहीत आहे," असं मी म्हणतोय तोवर आतून अनघाचा आवाज आला, "काय आणलंय रे? मला दाखव ना!"

केदारने पेटी पलंगापासून चार हातांवर धरली. बंडोपंतांनी एक डोळा तिच्याकडे फिरवला, दुसरा माझ्याकडेच ठेवला. अनघा खुदकन हसली. पंधरा दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती. झालं! सरडा राहिला.

जाताना केदारने एक जुनं घमेलं दिलं, ओलसर वाळू आणि मातीने भरलेलं. "मला ज्याने हा दिला ना, तो म्हणाला होता हे आत ठेवायचं. का ते विचारू नको, मलाही माहीत नाही. पण ठेव." आणि बंडोपंतांना काच मानवत नाही, चहूबाजूंनी वारा लागतो, तेव्हा जाळीचा मोठा पिंजरा कर, असंही सांगून तो गेला.

मग मी पिंजरा केला. आयुष्यात मी हाताने केलेली तेवढी एकच वस्तू. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये कुणीतरी टाकून दिलेलं लाकडी पुस्तकांचं कपाट कचऱ्यापाशी उभं होतं, ते जिन्यातून ओढत वर आणलं. मागची फळी उचकटली, मधले कप्पे काढले. खिडक्यांना लावायची बारीक जाळी आणली. भर दुपारी एकशेदहा डिग्री फॅरनहाइटमध्ये बाल्कनीत बसून पिना मारत होतो, आणि अनघा पलंगावरून उघड्या दारातून सूचना देत होती. हॉस्पिटलच्या कुठल्याशा फॉर्मच्या पाठीवर तिने नकाशाही काढला होता. "बिजागरी उलटी लावलीस." "अरे, दार बाहेर उघडायला पाहिजे ना, शहाण्या." घामाने माझे डोळे चुरचुरत होते, जाळीच्या कडेने बोट कापलं होतं. पण तो आवाज ठणठणीत येत होता, म्हणून मी हातोडी मुद्दाम हळूहळू चालवली. पिंजऱ्याची ती दुपार संपूच नये असं वाटत होतं.

हा प्राणी वाटीतलं पाणी पीत नाही. पानावर पडलेले थेंब चाटतो. तेव्हा अनघाच म्हणाली, "महादेवाच्या पिंडीवर गळती टांगलेली असते बघ, तसं कर." दह्याच्या रिकाम्या डब्याला सुईने भोक पाडलं आणि तो पिंजऱ्याच्या छतावर ठेवला. खाली प्लॅस्टिकची वेल. टप, टप, टप. झोपून झोपून तिचा जीव उबगला होता, पण ते थेंब बघत ती तासन्‌तास पडून राहायची.

खरी वेल का नाही, प्लॅस्टिकची का? इथेच माझी भीती येते. पिंजरा बेडरूममध्ये ठेवायचा ठरल्यावर मी दवाखान्यात फोन करून नर्सला शंभर प्रश्न विचारले. तिने शांतपणे सांगितलं, पेशंटने त्या प्राण्याला हात लावायचा नाही, तुम्ही साबणाने हात धुवा, मांजराची घाण आणि बागेतली माती यांपासून तिला लांब ठेवा. मी त्यातला एकच शब्द पकडला, माती. मातीत जंतू, जंतू म्हणजे ताप, ताप म्हणजे गेल्या वर्षीची संध्याकाळ. फोन ठेवला तसा उठलो आणि केदारचं ते घमेलं खाली नेऊन कचऱ्यात उलटं केलं. पिंजऱ्याच्या तळाला पांढरं प्लॅस्टिक अंथरलं. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी ते व्हिनेगरच्या पाण्याने पुसायचो. आरशासारखं लख्ख. मला त्या लख्खपणाचा अभिमान वाटायचा.

पहिले दोन दिवस बंडोपंतांनी काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी मी चिमट्यात किडा धरून, मान दुसरीकडे वळवून, हात जाळीच्या दारातून आत घातला. फटकन जीभ आली, चिमटा रिकामा. आणि त्याच वेळी माझ्या मनात आपोआप उमटलं, हा जगला तर बाळ जगेल. मी ते मुद्दाम म्हटलं नव्हतं हो! पण एकदा उमटल्यावर पुसता येईना. असल्या गोष्टी मोडायला गेलं की आणखी घट्ट बसतात. मी कुणाला सांगितलं नाही. अनघाला तर नाहीच.

त्या दिवसापासून पडदा आणि पायऱ्या सुटल्या, सगळा भार त्या एका सरड्यावर आला. तो किती किडे खातो, डोळे उघडे आहेत का, रंग कसला आहे. कॅलेंडरवर मी आठवडे लिहायचो, बावीस, तेवीस, चोवीस, आणि त्याच चौकोनात बारीक अक्षरात बंडोपंतांचे किडे. अनघाला वाटायचं मला सरड्याचा लळा लागला. "बघ, तेव्हा कसा पळत होतास," म्हणायची. डॉक्टरांनी तिचे उपास बंद केले होते, तर तिने बंडोपंतांना संकष्टी धरायला लावली. "माझ्या वाटची तो करेल," म्हणाली. त्या दिवशी किड्यांचा डबा उघडायचा नाही. खाडा पडला तर? संध्याकाळी ती डोळे मिटून पडलेली असताना मी गुपचूप दोन किडे आत सोडले आणि वर देवाची माफीही मागितली.

जुलैच्या शेवटी धुळीचं वादळ आलं. दक्षिणेकडून तपकिरी भिंत चालत यावी तशी धूळ आली, पाच मिनिटांत दिवस बुडाला आणि वीज गेली. एसी थांबल्यावर घर इतकं शांत झालं की मला अनघाचा श्वास ऐकू यायला लागला. खोली तापत चालली. मी पुठ्ठ्याने तिला वारा घालत होतो, मधेच पिंजऱ्याला घालत होतो, पुन्हा तिला.

"अरे, त्याला काय घालतोयस? मला घाल!" ती म्हणाली.

वारा घालता घालता मला रडू येत होतं, अंधार होता म्हणून बरं. पाऊण तासाने दिवे आले. दोघंही जिवंत होते. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

ऑगस्टमध्ये बंडोपंत फारच देखणे दिसायला लागले. गडद हिरव्या अंगावर पिवळे आणि निळे ठिपके आले. अंगही भरलं. "काय नटलाय बघ," अनघा म्हणायची, "ह्याचं लग्नबिग्न ठरलंय की काय?" मी कॅलेंडरवर लिहिलं, तब्येत उत्तम. मग काही दिवसांनी ते वेलीवरून उतरून तळाशी येरझारा घालायला लागले. कोपऱ्यात जाऊन पुढच्या पायांनी प्लॅस्टिक खरवडायचे. खर्र, खर्र. थांबायचे, दुसऱ्या कोपऱ्यात जायचे, पुन्हा खर्र. "सुटायला बघतोय लबाड," अनघा म्हणाली. "सरड्याची धाव कुंपणापर्यंत, बंडोपंत!" मीही हसलो. बिघाडाचं कारण शोधायचा पगार घेणारा माणूस तिथे उभा राहून हसला, आणि प्लॅस्टिकवर ओरखडे उठले म्हणून त्याने नवीन प्लॅस्टिक अंथरलं.

मग खाणं थांबलं. पहिला दिवस, दुसरा, चौथा. दिवसाढवळ्या डोळे मिटायला लागले. अनघाला तिसावा आठवडा लागला होता आणि त्याच दिवशी तिचं पोट तीन-चार वेळा कडक झालं. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, पाणी प्या, कुशीवर झोपा, वाढलं तर या. माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टींची गाठ बसली. मी बुटांच्या खोक्यात टॉवेल घातला, आयुष्यात पहिल्यांदा बंडोपंतांना उघड्या हाताने उचललं आणि सरडे तपासणारा डॉक्टर गाठायला पाऊण तास गाडी हाणली. हातात ते अंग अगदी हलकं आणि पोट मात्र गच्च लागत होतं.

डॉक्टर म्हातारा होता, हळू बोलणारा. त्याने पोटावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "शी इज फुल ऑफ एग्ज."

"शी?"

मागच्या पायाला नराला टाच असते, हिला नाही, असं त्याने दाखवलं. नर नसला तरी माद्या अंडी धरतात म्हणाला. पोकळ अंडी, पण घालावी लागतातच. मग त्याने विचारलं, "तिच्या पिंजऱ्यात उकरायला जागा कुठे आहे? माती कुठे आहे?"

मी खोक्यातला टॉवेल सारखा केला. माती मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते, शेवटपर्यंत धरून ठेवते, असं तो सांगत होता. सुई देऊन पाहतो म्हणाला. दिली. तासाभराने ती माझ्यासमोर गेली. रंग आधी पायांचा गेला, मग अंगाचा.

आमच्या पार्किंगमध्ये आलो, पण गाडीतून उतरवेना. वर खिडकीकडे बघायचीही हिंमत नव्हती. संध्याकाळचे सहा वाजले होते, म्हणजे सांगलीत सकाळ. कॉलिंग कार्डचा नंबर दाबून मी सासूबाईंना फोन लावला. मी स्वतःहून त्यांना कधी फोन करत नसे, त्यामुळे त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "प्रशांतराव? अनू बरी आहे ना?"

"बरी आहे आई," म्हटलं आणि माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. सरडा, घमेलं, प्लॅस्टिक, आणि मनात बांधलेली ती गाठही सांगितली. पन्नाशीच्या बाईला, जिच्यासमोर मी मोठ्याने हसतसुद्धा नाही, मी म्हणालो, "आई, मला फार भीती वाटते हो."

त्यांच्या मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाल्या, "अहो, तुम्ही उलटं धरलंय. घरावर आलेलं संकट मुकं जनावर अंगावर घेतं. आमच्याकडे अनूला लहानपणी टायफॉइड झाला होता, तेव्हा दारातली गाय गेली आणि पोरगी उठून बसली. ती बिचारी तुमच्यावरचं घेऊन गेली. आता काही होत नाही माझ्या लेकीला. डोळे पुसा आणि वर जा."

आणि मला बरं वाटलं. हे मला लिहायचंच आहे, म्हणून एवढं सगळं लिहिलं. खोकं शेजारच्या सीटवर होतं, झाकण नीट बसलेलंही नव्हतं, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी एसीचं तोंड माझ्याकडे वळवून चक्क दोन मिनिटं डोळे मिटून बसलो. तिने आमच्यावरचं स्वतःहून घेतलं असेल नाही तर नसेल, मी तिला ते दिलं होतं. माझ्या हाताने घमेलं उलटं केलं होतं. पण त्या दोन मिनिटांत मला तिची कीव आली नाही. सौदा बरा झाला असं वाटलं.

वर जाऊन अनघाला अंड्यांचं आणि मातीचं खरं सांगितलं, मनातली गाठ तेवढी नाही. तिने आधी विचारलं, "ती होती?" मग विचारलं, "त्रास झाला का रे तिला?" मी नाही म्हटलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पोट पुन्हा कडक झालं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. ईरा ऑक्टोबरच्या शेवटी, पुरे सदतीस आठवडे घेऊन, मोठ्याने रडत आली. पिंजरा मी त्याआधीच मोडून टाकला होता. मोडायला दहा मिनिटं लागली.

आता ईरा धावते, पडते, गुडघे फोडून घेते. भीती काही गेली नाही. ईरा तापली की मी घरात काय काय आहे ते बघत फिरतो. कुंडीतली झाडं, शेजाऱ्यांचं मांजर, बाल्कनीत येणारी कबुतरं. या वेळी कुणाच्या वाट्याला जाईल, असं मनात येतं आणि माझीच मला भीती वाटते. ब्रेक दाबला त्या संध्याकाळी ईरा खेळत होती तेव्हा मी हे सगळं, गाडीतली ती दोन मिनिटंसुद्धा, अनघाला पहिल्यांदा सांगितलं. चार वर्षं गिळलेलं एकदम बाहेर आलं. ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"एक विचारू? तेव्हा माहीत असतं, की मातीशिवाय ती मरणार आहे, तर ठेवली असतीस का माती?"

"हो," मी म्हणालो. "ठेवली असती ना. म्हणजे काय!"

तिने माझ्याकडे बघितलं, मग ईराकडे बघितलं.

"मी नसती ठेवू दिली," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.